सुलटी बाजू

“ताई, आधी मले एवढं सांगा, याची सुलटी बाजू कोणती?”

नयनने कापड काउंटरवर पसरलं होतं. त्याने ते एकदा पालथं केलं, पुन्हा उताणं केलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मागे काचेआड त्याचं कॉम्प्युटर मशीन कुणाच्या तरी ब्लाउजच्या पाठीवर मोर भरत होतं. मशीनजवळ कोणी नव्हतं. मोर आपापला भरला जात होता.

“ज्या बाजूने शाल्मली सरळ वाचता येतं, ती,” मी म्हणाले.

“मग सलील उलटा.”

“हो.”

“म्हणजे पोरगी सरळ अन् पोरगा उलटा.” तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याने खाकरून कापडाची घडी उगीचच नीट केली.

ते कापड म्हणजे अंतरपाट होता. शाल्मली माझी मामेबहीण, आणि तिच्या लग्नासाठी आईने तो भरायला घेतला होता. जाड, पांढरं सुती कापड. डाव्या अंगाला लाल रेशमात ‘शाल्मली’, मध्ये कलश, त्यावर नारळ आणि आंब्याची पानं. उजव्या अंगाला ‘सलील’. त्यातलं ‘सली’ भरून झालेलं, शेवटचा ‘ल’ नुसताच निळ्या ठिपक्यांत. आणि सलील हे सगळं नाव आरशात दिसावं तसं उलटं. ‘स’ अगदी उजव्या काठाला, तिथून मागे मागे येत ‘ल’ कलशाजवळ.

आई गेली तेव्हा कापड भरतकामाच्या रिंगेत लावलेलंच होतं. रिंग मीच सोडवली. आधी ‘ल’ अपुरा आहे एवढंच दिसलं, उलटेपणा नंतर.

“याले एवढंच करा लागते,” नयन म्हणाला. “हे सलील उसवून टाकू, नवं सरळ टाकू. चहा पिऊन होईस्तोवर काम होते.”

“उसवायचं नाही. फक्त राहिलेला ल भरायचा.”

“उलटाच?”

खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं. उलट्या ‘सली’ला सरळ ‘ल’ जोडता येत नाही आणि उलटा ‘ल’ भरून घेणं म्हणजे चूक पूर्ण करून घेणं.

“आईने जसं काढलंय तसं,” मी म्हणाले.

“ताई, मशीनले अर्धवट काम नाही कळत. हाताच्या कामात माणूस कुठूनबी सुरू करते. इथं पंचिंग करा लागते. आधी डिझाइन कॉम्प्युटरवर, मंग फ्रेम, मंग टाके. फ्रेम केसभर सरकली तर तुमचा ल सलीच्या डोक्यावर जाऊन बसन.” त्याने कीबोर्ड ओढला आणि स्क्रीनवर सलील टाइप केलं. “हे पाहा, असं येईन.”

स्क्रीनवर आलेला ‘ल’ हिंदीतला होता, उजवीकडे दांडा असलेला.

“हा ल आमचा नाही.”

“ल तं ल असते ना, ताई.”

“मराठीतला ल वेगळा असतो. हा बघा, असा.” मी कापडावरच्या शाल्मलीतला ‘ली’ दाखवला. मधल्या देठाला दोन बाजूंना दोन पाकळ्या. “तुम्ही शाळेत कोणता काढत होता?”

“शाळेत असाच काढत होतो,” तो मोकळेपणाने म्हणाला. “पण फॉन्टमधी हाच येते. आता सगळ्या यवतमाळात हाच चालू आहे. कोणी तक्रार केली नाही अजून.”

मी इथल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. अक्षरांवरून वाद घालण्याची सवय लागते आणि त्या वादांचा काही उपयोग नसतो, हेही तिथेच कळतं. मी म्हणाले, विचार करून सांगते, तोवर कापड असू द्या, पण हात लावू नका. तो म्हणाला, टेन्शन नका घेऊ.

नयनकडे मी हौसेने गेले नव्हते. आईने दारव्ह्याच्या घरात पुढच्या खोलीत आयुष्यभर शिवणक्लास चालवला. कपडे शिवणं तर सगळेच शिकवतात; तिची ख्याती मशीनवरच्या भरतकामाची होती. साध्या पायमशीनचा कापड दाबणारा पाय काढून टाकायचा, कापड पुढे सरकवणाऱ्या दातांवर पत्र्याची पट्टी बसवायची, कापड रिंगेत ताणायचं आणि सुई खालीवर होत असताना रिंग दोन्ही हातांनी फिरवायची. म्हणजे पेन जागेवर ठेवून कागद फिरवत लिहायचं. कित्येक मुली ते शिकून गेल्या. मी शिकले नाही, माझा हात त्यात कधी बसलाच नाही, आणि आईने ते फार मनावर घेतलं नाही. तिला वाचणारी मुलगी चालत होती.

आई गेल्यावर मी तिच्या जुन्या विद्यार्थिनींना फोन केले. एक पुण्याला, एकीची मान धरलेली, एक म्हणाली मशीन विकून फ्रीज घेतला. दीपालीवर माझी भिस्त होती, आईची सगळ्यात तयार विद्यार्थिनी. तिचं यवतमाळात बुटीक आहे. ती फोनवर रडली आणि म्हणाली, “मंजूताई, मी किती वर्षांत रिंग धरली नाही. मी सगळं नयनकडेच टाकते. तो चांगला मुलगा आहे.”

तिने माझ्यासमोर अंतरपाट पाहिला तेव्हा उलट्या नावावरून एकदा बोट फिरवलं.

“खाका पालथा पडला असेल,” ती शेवटी म्हणाली.

नक्षी कापडावर उतरवण्यासाठी कागदावर ती काढून रेषेवर सुईने भोकं पाडतात, आणि वरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ फिरवतात. भोकांतून निळे ठिपके खाली उतरतात. तो कागद म्हणजे खाका. कागद पालथा पडला तर अक्षर उलटं उतरतं. नव्या मुलींची ही पहिल्या आठवड्यातली चूक. आई त्यावर कधी रागवायची नाही, फक्त म्हणायची, “वाच बरं हे.” मुलगी वाचायला जायची आणि खोलीभर हसू फुटायचं.

तीच चूक आईची. सगळ्यांनी ती लगेच मान्य केली, आणि मला त्याचाच राग येत होता. मान्य करायला कारण होतं. शेवटच्या महिन्यांत तिच्या किडन्या नीट काम करत नव्हत्या, सोडियम उतरायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मधूनमधून गोंधळतील. ती गोंधळायची. मला एकदा तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. सकाळी संध्याकाळचा दिवा लावायला निघाली. पण मशीनवर बसली की ती नीट असते, असं मला वाटायचं. मशीनवरची आई ती आईच, अशी मी मनात एक जागा राखून ठेवली होती. आणि तिथेच हे उलटं नाव सापडलं.

लायब्ररीत कधीतरी असं पुस्तक येतं, ज्यात मधला एक फॉर्मा, म्हणजे पानांचा एक गठ्ठा, उलटा बांधलेला असतो. वाचक ते परत आणून देतो. पुस्तकात काय आहे यावर तो बोलत नाही, फक्त तेवढ्या पानांवर बोट ठेवतो.

मामीने तेच केलं. मी कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकला नव्हता, दीपालीकडून तो गेला असावा. मामीचा फोन आला तेव्हा मी लायब्ररीत पुस्तकांच्या स्टॅकमध्ये होते.

“मंजू, मी पाह्यलं गं. इंदूताईच्या हातून झालं बिचारीच्या, त्याले आता इलाज काय. तू मनाले लावून नको घेऊ.”

“मी काही लावून घेतलं नाही, मामी.”

“मंग ऐक. मी ऑनलाइन एक मागवून ठेवला. काय सुंदर आहे! शुभमंगल सावधान लिहिलं आहे, खाली नऊवारीतलं जोडपं, अन् काठाले बारके बारके दिवे. बॅटरी एका बाजूच्या खिशात जाते, कोणाले दिसतबी नाही.”

“आपल्याकडे सगळ्यांच्या लग्नात आईचाच अंतरपाट होता. तुमच्याही.”

“हो ना, म्हणूनच मी ताईले म्हटलं होतं का शाल्मलीचा तुमीच करा. मी नाही म्हणून राह्यली का? पण मंजू, नवरदेवाचं नाव उलटं! पाव्हण्यांसमोर काय सांगू मी? लोक हासतीन. अन् इंदूताईलेच हासतीन, त्यात तुले बरं वाटन का?”

मामी वाईट नाही. आईच्या शेवटच्या दिवसांत पांढरकवड्याहून डबे घेऊन येणारी तीच होती. वाईट माणसाशी भांडता येतं. जो आपल्याच माणसाची अब्रू झाकायला निघाला आहे, त्याच्याशी काय भांडायचं?

“ल पूर्ण करून घेते,” मी म्हणाले. “मग बघू.”

“बरं,” मामी म्हणाली. ते ‘बरं’ मी नीट ऐकायला हवं होतं.

त्या रविवारी मी दारव्ह्याला गेले. घर बंद होतं, मशीनवर चादर. खणात खाका गुंडाळी करून ठेवलेला होता, तो पिशवीत टाकला. खिडकीजवळ तिची खाट होती, अजून तशीच. कापड डोळ्यांसमोर नव्हतं, त्यामुळे ते आठवावं लागत होतं, आणि आठवताना एक प्रसंग समोर आला. आई रिंगेसकट कापड खिडकीच्या उजेडात दोन्ही हातांनी उभं धरून बसली होती. तिचा चेहरा कापडामागे होता. मी चहा घेऊन आले तर पलीकडून म्हणाली, “तिकडून. मंजू, तिकडून.” मला वाटलं तिकडून ऊन लागतंय. मी जाऊन त्या बाजूचा पडदा ओढला. ती कापड खाली घेऊन माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “अंधार कायले केला?” मी पडदा पुन्हा उघडला. चहा गार होऊ नये एवढाच विचार तेव्हा होता.

तिला नेमकं काय हवं होतं ते मला कळलं नाही, आणि तेही गोंधळण्याच्याच खात्यात गेलं.

नयनचा फोन सोमवारी आला. “ताई, झालं काम. एकदम फिनिशिंग आलं.”

“कोणतं काम?”

“अंतरपाट. तुमच्या मामींचा फोन आलता ना. दीपालीताईनं नंबर देल्ला म्हणे. त्या म्हणे, मंजूले नाही म्हणता येऊन राह्यलं, तुमीच सरळ करून टाका.”

मी लायब्ररीतून तशीच निघाले. रिक्षावाल्याला दोनदा पत्ता सांगावा लागला.

अंतरपाट इस्त्री करून ठेवला होता. शाल्मली सरळ, कलश, सलील सरळ. दोन्ही ‘ल’ना उजवीकडे दांडा. टाके घट्ट, चकचकीत, एकाच मापाचे. त्यांच्याभोवती पांढऱ्या कापडावर बारीक भोकांची एक पुसट माळ दिसत होती. आईचं ‘सली’ तिथे होतं.

“उसवलेला दोरा कुठे आहे?”

“झाडून टाकला ना, ताई.” त्याचा चेहरा पडला. “मले वाटलं, तुमाले बरं वाटन.”

मी कापड उलटं केलं. मशीनच्या सलीलच्या मागे पांढऱ्या बॉबिनचा दोरा, खाली आधाराला लावलेल्या पेपरचा टाक्यांत अडकलेला लगदा, एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर उड्या मारत गेलेले धागे. शेजारी आईचं शाल्मली, मागूनही तितकंच लाल आणि नितळ. खालच्या बॉबिनमध्येही ती तेच रेशीम भरायची आणि वरचा-खालचा ताण असा जमवायची की कुठला दोरा कुणावर चढू नये. फार वेळखाऊ काम. नयनच्या सलीलशेजारी ते पाहून मी सगळ्यात क्षुल्लक गोष्ट बोलले.

“मागची बाजू बघा कशी झालीय.”

“ताई,” तो कळवळून म्हणाला, “अंतरपाटाले मागून कोण पाह्यते?”

मी दुकानाच्या काचेच्या दाराशी उजेडाला कापड धरून उभी होते.

मागून नवरी पाहते.

एका बाजूला नवरा उभा असतो आणि दुसऱ्या बाजूला नवरी. मंगलाष्टकं संपेपर्यंत दोघांना कापडाशिवाय काही दिसत नसतं. जी बाजू सुलटी धरतो ती एकाच्याच वाट्याला येते. दुसऱ्याच्या वाट्याला गाठी, लगदा आणि सगळं उलटं. आईने ते कापड दोन्ही बाजूंनी भरलं होतं. एका बाजूने शाल्मली वाचता येईल, दुसऱ्या बाजूने सलील. नवरा उभा राहील तिथून नवरीचं नाव सरळ. नवरी उभी राहील तिथून नवऱ्याचं. तिकडून. मंजू, तिकडून.

खाका पालथा पडला नव्हता. तिने तो पालथा घातला होता.

“ताई, बसा,” नयन म्हणाला. “पाणी आणू का?”

“हे उसवा,” मी म्हणाले. “तुमचं सलील. आणि उलटं टाका.”

“उलटं? मी आत्ता सरळ केलं ना!”

“म्हणूनच.”

मी त्याला समजावून सांगितलं. त्याने कापड दोन-तीनदा फिरवून पाहिलं. त्याला पटलं की नाही, माहीत नाही. तो म्हणाला, कॉम्प्युटरवर आरशासारखं करायला एक बटण आहे, ते काही नाही, पण एकदा उसवलेल्या जागेवर पुन्हा उसवून पुन्हा टाके म्हणजे कापडाची जाळी होईल. झाली तर मग मला बोलू नका. मी म्हटलं, नाही बोलणार. खालच्या बॉबिनमध्ये लाल रेशीम भरा म्हटलं, तर त्याच्या मशीनमध्ये कधी भरलंच नव्हतं. मागे पेपर नको म्हटलं, तर कापड आकसेल. खाक्यावरच्या ‘ल’चं पंचिंग करा म्हटलं, तेव्हा मात्र त्याने दोन्ही हात टेकले.

“एका नावासाठी नवं पंचिंग! ताई, उसवू नका म्हणून तुमी तवाच कडक सांगायले पाहिजे होतं.”

“सांगितलं होतं.”

खाक्याचा फोटो काढून त्याने स्क्रीनवर घेतला आणि ‘ल’च्या पाकळ्यांवरून माउस फिरवायला लागला. त्याचा हात डावीकडच्या पाकळीवर घसरायचा, तो पुसायचा, पुन्हा काढायचा. मी तिथेच बसून राहिले. ब्लाउजवर आता कमळं उमटत होती.

काम झालं ते आईसारखं झालं नाही. रेशीम मध्येच तुटलं होतं. ‘स’च्या पोटाशी कापड विरलं आणि त्याला मागून अस्तराचा तुकडा द्यावा लागला. पेपर चिमट्याने काढला तरी थोडा राहिलाच. भोकांची माळ गेली नाही. पण दोन्ही बाजूंनी लाल होतं आणि तिकडून सलील वाचता येत होतं.

मामीला मीच फोन करून सांगितलं. या वेळी नेहमीची विचारपूस झालीच नाही.

“मी सरळ करून घेतलं, अन् तू मुद्दाम उलटं करून आणलं? तुले झालं तरी काय, मंजू?”

मी दोन बाजूंचं सांगितलं. नवरा इकडून, नवरी तिकडून.

“इंदूताई असं म्हणाल्या तुले?”

“नाही.”

“कोणाले म्हणाल्या?”

“कोणालाच नाही.”

“मंग तू आपल्या मनानं जुळवून राह्यली.” तिचा आवाज मऊ झाला आणि मला ते जास्त लागलं. “होते असं. माणूस गेलं का आपण त्याच्या सगळ्या गोष्टीले अर्थ लावत बसतो. मी माझ्या बापाच्या वेळी नाही केलं का?”

तिचं चूक नव्हतं. कापडाने साक्ष दिली तरी ते कापड होतं. मी चिडून म्हणाले, “मग मध्ये कलश का काढला? अंतरपाटावर सगळे स्वस्तिक काढतात.”

“त्या कुठं कवा स्वस्तिक काढत होत्या? माझ्याबी अंतरपाटावर नुसता कलशच होता, नावं नव्हती. माझी आई तेव्हा म्हणे, ताई, स्वस्तिक टाका ना मधी. तं इंदूताई म्हणे, मागून ते उलटं दिसते, नवरीनं उलटं स्वस्तिक कायले पाह्यचं...”

मामी बोलता बोलता थांबली. फोनमधून तिच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

“तरी लोक हासतीन,” ती शेवटी म्हणाली आणि फोन ठेवला.

लग्नाच्या दिवशी पांढरकवड्याच्या हायवेवरच्या कार्यालयात दोन अंतरपाट हजर होते. दिव्यांचा मामीच्या पिशवीत, आईचा माझ्या. शाल्मलीला तयार करत होते तिथे मी आईचा उलगडून दाखवला, आणि ती काही बोलण्याआधीच मामीने दुसऱ्याची बॅटरी लावून दाखवली. लाल, हिरवे, निळे.

“आई,” शाल्मली म्हणाली, “माझं लग्न आहे की गणपतीचं डेकोरेशन?”

“तू चूप राह्य, मुंडावळ्या हलतात.”

“आत्याचा धरा,” शाल्मली म्हणाली. मामीने माझ्याकडे न पाहता दिव्यांच्या अंतरपाटाची बॅटरी काढली.

मला वाटलं, संपलं. ते तिथे संपायला हवं होतं.

अंतरपाट धरायला शाल्मलीचे चुलतकाका रामराव आणि पलीकडून मुलाचे कोणी मावसोबा. मी दोघांनाही सांगितलं होतं, शाल्मली हे नाव नवरदेवाकडे. रामरावकाका म्हणाले, समजलं, समजलं. त्यांनी कापड धरलं. लग्न लावणाऱ्या महाराजांनी घसा साफ केला. इतक्यात मुलाकडच्या बायकांतून कुणीतरी ओरडलं, “अहो, उलटं धरलं! सलीलचं नाव उलटं दिसतंय!”

रामरावकाकांनी दचकून कापड फिरवलं. लगेच आमच्या बाजूने आवाज आला, “काका, आता उलटं झालं! आता जावयाचं नाव उलटं!” त्यांनी पुन्हा फिरवलं. “अहो, पुन्हा उलटं!” मावसोबा एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला, दोघे एकमेकांभोवती फेर धरल्यासारखे फिरायला लागले. कापड दोघांच्या मध्ये पिळलं गेलं. कोणी म्हणे वरची बाजू खाली करा. तसं केल्यावर कलश उपडा झाला आणि नारळ खाली आला. हशा पिकला, आणि काकांनी घाईने कलश पुन्हा उभा केला. मामीने कपाळावर हात मारला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात ‘मी म्हटलं नव्हतं?’ एवढंच होतं.

“नाव दोन्हीकडून तसंच दिसणार आहे!” मी ओरडले. “एक सरळ, एक उलटं! ते तसंच आहे!” कोणीही ऐकलं नाही. हायवेवरून एक ट्रक लांबलचक हॉर्न देत गेला. महाराज घड्याळ दाखवून म्हणाले, मुहूर्त कोणासाठी थांबत नाही, सुलटं एकदाचं ठरवा.

“काका.”

शाल्मली बोलली होती. नवरीने बोलायची ती वेळ नव्हती, त्यामुळे सगळे गप्प झाले.

“काका, आता हलवू नका. मले त्याचं नाव वाचता येऊन राह्यलं.”

पुण्यात नोकरीला लागल्यापासून तिच्या तोंडून ‘मले’ मी ऐकलं नव्हतं.

कापडाच्या पलीकडून सलीलचा आवाज आला, “मलाही तुझं येतंय.”

“तू कायले बोलतं रे मधी?” मुलाकडची एक म्हातारी म्हणाली, पुन्हा हशा झाला, आणि त्या हशातच महाराजांनी मंगलाष्टक सुरू केलं.

मी शाल्मलीच्या मागे उभी होते. समोर सलील सरळ होतं, थोडं आकसलेलं, ‘स’च्या पोटाशी अस्तराचा तुकडा, भोवती भोकांची माळ. त्याच्या उजवीकडे आईचं शाल्मली उलटं. मी कितीही वेळ पाहिलं तरी ते वाचता येत नव्हतं, आणि कुठे टाका चुकलाय असंही नव्हतं. मला एकदम पलीकडे जावंसं वाटलं, ते जिथून सरळ आहे तिथे. मी अक्षता मुठीत धरून गर्दीतून निघाले. खुर्च्यांच्या रांगा, पोरं, व्हिडिओवाल्याची वायर, ‘बसा ना ताई’ म्हणून हात धरणारं कोणीतरी. मी स्टेजला वळसा घालून पोचले तेव्हा ताशा वाजायला लागला होता आणि अंतरपाट खाली आला होता. समोर दोघंजण हार घेऊन उभे होते. मुठीतल्या अक्षता मी तिथूनच टाकल्या.

जेवणाच्या पंगती उठल्यावर फोटोवाला मामीला शोधत आला. “काकू, अंतरपाटाच्या फोटोत एक नाव उलटं आलं आहे. अल्बममधी सरळ करून देऊ का? दिसणार नाही कोणाले.”

मी तोंड उघडण्याआधी मामी म्हणाली, “त्याले हात लावू नको.”

“पण काकू, उलटं...”

“तुले काय करायचं आहे? आहे तसं दे.”

तो गेला. मामीने खुर्चीवर टाकलेला अंतरपाट उचलला, त्यातल्या अक्षता झटकल्या, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. आम्ही दोघींनी ताणून तो मधोमध दुमडला. घडी घालताना कापडाची सुलटी बाजू आत घेतात, म्हणजे धूळ बसत नाही. आईने आम्हा सगळ्यांना ते शिकवलं होतं, मामीलाही. मामी कापड हातात धरून थांबली, एकदा इकडून पाहिलं, एकदा तिकडून.

“मंजू,” ती वैतागून म्हणाली, “याची कोणती बाजू आत घालू?”

“कोणतीही घाला,” मी म्हणाले.